हीचमला येताय, तर तिला भेटून जा

इंग्लंडमधल्या मराठी मंडळींना, विशेषतः दर जुलैत लव्हेंडर बघायला हीचमला येणाऱ्या कुटुंबांना,

सप्रेम नमस्कार.

मी किंग्ज लिनला राहते. इथून हीचम गाडीने जेमतेम अर्ध्या तासावर आहे. जुलै उजाडला की आमच्याकडे फोन सुरू होतात. "फुलं आली का गं? या शनिवारी येऊ की पुढच्या?" लेस्टर, मिल्टन कीन्स, स्लाउ, हॅरो, सगळीकडून गाड्या भरभरून माणसं येतात. जांभळ्या वाफ्यांमधून नऊवारी नेसून फोटो काढणाऱ्या मुली बघितल्या की माझा जीव सुखावतो. मग साबण आणि तेलाच्या बाटल्यांची खरेदी, चहा आणि स्कोन, पुढे हन्स्टंटनचे लाल-पांढऱ्या पट्ट्यांचे कडे, आणि संध्याकाळी समुद्रात मावळणारा सूर्य. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर असूनही इथला समुद्र पश्चिमेला तोंड करून आहे, त्यामुळे सूर्यास्त अगदी कोकणातल्यासारखा पाण्यात होतो. ते बघून सगळे परत फिरतात.

माझी तक्रार एवढीच, की या सगळ्या दिवसात कुणाचीच गाडी गावात वळत नाही. लव्हेंडरच्या शेतापासून हीचमचं चर्च पाच मिनिटांवर आहे. सेंट मेरीचं चर्च, मुख्यतः तेराव्या शतकातलं. या देशात सर्वोच्च दर्जाचं संरक्षण ज्या इमारतींना मिळतं त्यातली ही एक. तिकीट नाही, रांग नाही. आत भिंतीवर अलाबास्टर दगडात कोरलेलं एका बाईचं शिल्प आहे. उंच टोपी, गळ्याभोवती इंग्रजी थाटाची कडक झालर आणि त्या सगळ्या जामानिम्यातून बाहेर बघणारा एक चेहरा. ऑटिली वॉलेस या शिल्पकार बाईने ते घडवलं आणि १९३३ साली ते इथे बसवलं गेलं. गावच्या पाटीवरही हीच बाई आहे. ही पोकाहॉन्टस, चारशे वर्षांपूर्वीची अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची एक मुलगी, आणि हीचम हे तिचं सासर.

नाव ऐकताच तुमच्या मुलांच्या डोळ्यांसमोर काय येईल ते मला ठाऊक आहे: डिस्नेच्या सिनेमातले उडते केस, धबधब्यावरून उडी आणि गोऱ्या कप्तानाशी प्रेम. माझ्याही डोळ्यांसमोर तेच होतं. माझी मुलगी सहा वर्षांची असताना आपल्याच एका कार्यक्रमातल्या वेशभूषा स्पर्धेत मी तिला पोकाहॉन्टस केलं होतं. क्राफ्टच्या दुकानातून रंगीत पिसं आणली, पट्टीला चिकटवली, तिच्या डोक्याला बांधली. तिला दुसरं बक्षीस मिळालं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पुढे कळलं, की तशी पिसांची भरगच्च शिरोभूषणं तिच्या लोकांची नव्हतीच, ती शेकडो मैल पश्चिमेकडच्या मैदानी प्रदेशातल्या जमातींची. तो फोटो अजून माझ्या फोनमध्ये आहे. बघितला की वाईट वाटतं, म्हणूनच हे पत्र लिहायला बसले.

तरीही या बाईशी माझी खरी ओळख करून दिली ती माझ्या आईने. चार वर्षांपूर्वी ती इकडे आली होती. गुडघे दुखतात म्हणून लव्हेंडरच्या वाफ्यांत फार चालता येईना. तिला जरा सावलीत बसवावं म्हणून मी चर्चमध्ये घेऊन गेले. आई बाकावर टेकली, मग उठून त्या शिल्पापाशी जाऊन उभी राहिली. मी मला माहीत होतं तेवढं सांगितलं: अमेरिकेतल्या राजाची मुलगी, या गावच्या मुलाशी लग्न झालं, नाव रिबेका. आईने विचारलं, "रिबेका हे सासरचं झालं. हिचं माहेरचं नाव काय गं?"

मला ते सांगता आलं नाही.

आईला हा प्रश्न पडणं साहजिक होतं. ती माहेरची कुमुद. लग्नात ताम्हनातल्या तांदळांत अंगठीने 'वैशाली' लिहिलं गेलं आणि त्या दिवसापासून कुमुद फक्त तिच्या भावंडांपुरती उरली. मामा गेला तेव्हा ती म्हणाली होती, आता मला कुमे म्हणणारं कुणी राहिलं नाही. तांदळात लिहिलेलं नाव आणि त्याखाली पुसलं गेलेलं नाव, हे आपल्या घराघरात बायकांनी पाहिलेलं आहे. म्हणूनच मला वाटतं, या शिल्पासमोर उभं राहून नेमकं काय विचारायचं ते आपल्या माणसांना कुणी शिकवायला नको.

तर तिचं नाव माटोआका. लहानपणी तिला अमोनुटे असंही म्हणत. पोकाहॉन्टस हे लाडाचं, टोपणनाव, 'खेळकर, खट्याळ' अशा अर्थाचं. माटोआका हे नाव तिच्या माणसांनी इंग्रजांपासून लपवून ठेवलं होतं, कारण खरं नाव परक्याला कळलं तर त्याच्या हातून तिला अपाय होईल अशी त्यांना भीती होती. दृष्ट लागू नये म्हणून पोराला धोंडू, दगडू, कचरू म्हणणाऱ्या आपल्या पणज्यांना ही भीती लगेच समजली असती.

तिचे वडील वाहुन्सेनाका. इंग्रज त्यांना पाउहाटन म्हणत. आजच्या व्हर्जिनियाच्या किनारी भागातल्या तीसेक जमातींचे ते प्रमुख. १६०७ साली इंग्रजांनी तिथे जेम्सटाउन वसवलं तेव्हा ही मुलगी अवघी अकराएक वर्षांची होती. कप्तान जॉन स्मिथला तिने मृत्यूच्या दारातून वाचवलं ही प्रसिद्ध गोष्ट स्मिथने पूर्ण रंगवून छापली ती १६२४ साली, म्हणजे ती जाऊन सात वर्षं झाल्यावर. जेम्सटाउनबद्दलचं त्याचं पहिलं पुस्तक १६०८ सालचं, त्यात ती गोष्ट नाही. प्रेमकथा तर नाहीच नाही. अकरा वर्षांची पोर आणि सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा शिपाईगडी. हा स्मिथ हीचमसमोरच्या खाडीच्या पलीकडचा, लिंकनशरमधल्या विलोबी गावचा. तिथल्या सेंट हेलेना चर्चमध्ये त्याचा बाप्तिस्मा झाला, आणि उमेदवारी त्याने केली आमच्या किंग्ज लिनमध्ये एका व्यापाऱ्याकडे. हीचमच्या वाळूवर उभं राहून सूर्यास्त बघता ना, तेव्हा पाण्यापलीकडे असतं ते लिंकनशर. तिच्या आयुष्यात उलथापालथ करणारे दोन्ही जॉन याच पाण्याच्या दोन काठांवर वाढले.

दुसरा जॉन हीचमचा. १५८५च्या मे महिन्यात याच चर्चमध्ये जॉन रॉल्फ या मुलाचा बाप्तिस्मा झाला. १६०९ साली तो बायकोसह व्हर्जिनियाला निघाला, तर जहाज बर्म्युडाच्या खडकांवर आपटलं. तिथे त्यांना मुलगी झाली, बेटाचंच नाव तिला दिलं, आणि ती तिथेच गेली. पुढे बायकोही वारली. त्या माणसाच्या वाट्याला दुःख कमी आलं नव्हतं, हेही मला लिहिलं पाहिजे. जेम्सटाउनला पोचल्यावर त्याने वेस्ट इंडीजकडच्या गोड तंबाखूचं बी मिळवून तिथे लावलं. स्थानिक तंबाखू इंग्रजांना कडवट लागत होता, हा बाजारात चालला. १६१७ साली व्हर्जिनियातून सुमारे २०,००० पौंड वजनाचा तंबाखू इंग्लंडला गेला. डबघाईला आलेल्या वसाहतीला पैसा दिसू लागला, आणि तंबाखूला जमीन लागते म्हणून माटोआकाच्या माणसांच्या शेतांवर कुंपणं पडू लागली.

ती या माणसाच्या घरात कशी आली हे मुलांना सांगताना कृपा करून गाळू नका. १६१३ साली सॅम्युएल अर्गल नावाच्या कप्तानाने तिला फसवून जहाजावर चढवलं. ज्या घरी ती पाहुणी होती तिथल्या नवरा-बायकोला हाताशी धरून. त्यांना बक्षीस काय मिळालं, तर तांब्याची एक किटली. ती सतरा वर्षांची असेल. तिच्या बदल्यात वडिलांकडे इंग्रज कैदी, हत्यारं आणि मका मागितला गेला. वडिलांनी सात कैदी सोडले, इंग्रजांचं तेवढ्याने समाधान झालं नाही. वर्षभर ती ओलीस होती. त्या काळात पाद्र्याने तिला ख्रिस्ती धर्म शिकवला, रिबेका नाव दिलं, आणि एप्रिल १६१४मध्ये तिचं रॉल्फशी लग्न झालं. लग्नाची परवानगी मागताना रॉल्फने गव्हर्नरला लांबलचक पत्र लिहिलं. वसाहतीचं भलं, देशाचा मान, देवाची महती, आपल्या जिवाची तगमग, सगळं त्यात आहे. तिला काय वाटत होतं याची एकही ओळ तिच्या हातची कुठेही नाही.

आपल्याकडे लग्नात नाव बदललं तरी निदान मांडवात माहेरची माणसं असतात, मामा पाठीशी उभा असतो. तिच्या लग्नाला वडील आले नाहीत, एक काका आणि दोन भाऊ पाठवले. शांतता झाली आणि आठेक वर्षं टिकली, हे खरं. एका मुलीच्या जिवावर ती टिकली, हेही तितकंच खरं.

१६१६ साली ती वसाहत चालवणाऱ्या व्हर्जिनिया कंपनीने तिला, रॉल्फला आणि वर्ष-दीड वर्षाच्या थॉमसला इंग्लंडला आणलं. कंपनीला पैसा उभा करायचा होता. 'बघा, तिथले लोक कसे सुधारतात' हे दाखवायला राजाची ख्रिस्ती झालेली मुलगी हवी होती. तिच्या खर्चासाठी आठवड्याला चार पौंड लावून दिले होते. दरबारात तिला नाट्यनृत्याचा सोहळा बघायला बसवलं, तिचं चित्र काढून त्याचे छाप विकले. हीचमच्या शिल्पाचा पोशाख त्याच चित्रातला. पण त्या चित्राभोवतीच्या अक्षरांत बघा, लिहिलेलं आहे 'माटोआका ऊर्फ रिबेका'. चित्रकाराला ते लपवलेलं नाव कुणीतरी सांगितलं असणार. मला मनापासून वाटतं, तिनेच सांगितलं.

तिच्याबरोबर डझनभर तिची माणसं होती. त्यांतला एक उत्तामातोमाक्किन, तिच्या बहिणीचा नवरा. वाहुन्सेनाकांनी त्याला सांगून पाठवलं होतं की इंग्रज किती आहेत ते मोजून ये. प्लिमथला उतरल्यावर त्याने काठी घेतली आणि माणसागणिक एक खाच पाडायला सुरुवात केली. थोड्याच वेळात त्याने काठी टाकून दिली. या गोष्टीपाशी मी दर वेळी थांबते. इंग्लंडला पहिल्यांदा उतरल्यावर विमानतळाच्या रांगेत उभं राहून आपण जे अनुभवलं, ते आठवतं. पण तो माणूस उपजीविकेसाठी आला नव्हता. आपल्या मुलखावर काय चालून येतंय ते त्याला त्या काठीवर दिसलं.

लंडनजवळ ब्रेंटफर्डला जॉन स्मिथ तिला भेटायला गेला. त्यानेच लिहून ठेवलंय, की त्याला बघून तिने तोंड फिरवलं आणि दोन-तीन तास ती बोललीच नाही. मग बोलली तेव्हा त्याला सुनावलं: तू माझ्या बापाला बाप म्हणत होतास, आता मी तुला तसं म्हटलं तर तुला का चालत नाही? आम्हाला सांगत होते तू मेलास म्हणून. तुझे देशबंधू फार खोटं बोलतात. तिचं म्हणून जे थोडं आपल्यापर्यंत पोचलंय त्यात हे सगळ्यात धारदार, तेही ज्याला सुनावलं त्याच्या हातून.

ती हीचमला आली होती का? गाव म्हणतं आली होती, सासूला भेटली, हीचम हॉलच्या आवारातलं तुतीचं झाड तिने लावलं. कागदोपत्री पुरावा नाही. तो हॉलही दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आगीत गेला. गावाची आठवण मी खोडून काढणार नाही, पण मुलांना सांगताना 'गाव असं सांगतं' एवढे तीन शब्द जोडा.

मार्च १६१७मध्ये परतीचं जहाज थेम्समधून निघालं आणि ती आजारी पडली. ग्रेव्हसेंडला तिला उतरवावं लागलं. २१ मार्चला तिथल्या सेंट जॉर्ज चर्चमध्ये तिचं दफन झालं. वय एकवीस. ते चर्च १७२७ साली जळलं, नंतर नवं बांधलं, तिची नेमकी जागा आज कुणालाच दाखवता येत नाही. ग्रेव्हसेंडच्या मोठ्या गुरुद्वाऱ्यात आपल्यातले कितीतरी जण जाऊन आलेत. तिचा पुतळा तिथून फार दूर नाही. माझ्या आईने हे ऐकलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे माहेराच्या वाटेवर गेली." मी तेव्हा मान डोलावली. नंतर वाचनात आलं, की लंडनच्या एका पत्रलेखकाने त्याच जानेवारीत लिहून ठेवलंय, ती परत जायला अजिबात राजी नाही. तेव्हा माहेराची ओढ होती असंही आपण तिच्या तोंडी घालू नये. ती काय मागत होती हे तिला कुणी विचारलं नाही, आपण तरी तिच्या वतीने उत्तर देऊन टाकू नये.

थॉमस आजारी, दोन वर्षांचा. रॉल्फ त्याला इंग्लंडात सोडून गेला, काकाने त्याला वाढवलं. बाप-लेकाची पुन्हा भेट झाली नाही. रॉल्फ १६२२ साली वारला. त्याआधी त्याने लिहिलेलं एक पत्र इतिहासात राहिलं आहे: १६१९च्या ऑगस्टमध्ये एका जहाजाने वीसहून थोडी जास्त आफ्रिकी माणसं आणली आणि ती अन्नधान्याच्या बदल्यात विकत घेतली गेली, अशी त्यात नोंद आहे. त्या तंबाखूच्या शेतांत पुढे कुणाची हाडं झिजली ते जगाला माहीत आहे. हीचमच्या ज्या चर्चमध्ये त्याच्या कपाळावर पाणी शिंपडलं गेलं तिथे उभं राहून एवढं सगळं आठवणं मला जड जातं. तरीही तिथे जावं असंच मी म्हणते.

काही जण म्हणतील, अमेरिकेतली बाई, इंग्रजांचं चर्च, आपला काय संबंध? संबंध आहे. तिला इथे आणणाऱ्या व्हर्जिनिया कंपनीचा खजिनदार होता सर थॉमस स्मिथ, आणि हाच माणूस ईस्ट इंडिया कंपनीचा पहिला गव्हर्नर. केंटमधल्या सटन-अ‍ॅट-होन या गावच्या चर्चमध्ये त्याची समाधी आहे. माटोआका लंडनच्या दरबारात बसली होती त्याच हिवाळ्यात इंग्लंडच्या राजाचा दूत सर थॉमस रो याच ईस्ट इंडिया कंपनीच्या सवलतींसाठी जहांगीरच्या मागे अजमेराहून मांडूकडे फिरत होता. आणि १६१७ या तिच्या मृत्यूच्याच वर्षी जहांगीरने तंबाखू ओढण्यावर बंदी घातली. तो तंबाखू पोर्तुगीजांमार्फत दख्खनमध्ये आधीच रुजला होता. अकबराच्या दरबारात तो पहिल्यांदा गेला तोही विजापुराहून. माझ्या आजीच्या दातांना लागलेली मिश्री आणि हीचमच्या रॉल्फची शेती ही एकाच पानाची दोन टोकं आहेत.

आता माझं मागणं सांगते.

हीचमला याल तेव्हा अर्धा तास या चर्चसाठी ठेवा. ज्या मंडळांच्या बसेस येतात त्यांनी तो कार्यक्रमपत्रिकेतच घाला, नाहीतर खरेदी लांबते आणि राहून जातं. आत टोपी काढून, हळू आवाजात. प्रार्थना चालू असेल तर बाहेर थांबा, थडग्यांमध्ये मुलांना पळू देऊ नका. दानपेटीत काहीतरी टाका. इंग्लंडमध्ये अशी हजारो गावची चर्चेस आहेत आणि त्यांचं छप्पर, गटारं, भिंती सांभाळण्याचा भार मुख्यतः गावातल्या मूठभर वयस्कर माणसांवर पडतो. आपण लव्हेंडरच्या साबणावर पंधरा-वीस पौंड सहज खर्च करतो. त्यातले पाच इथे द्या. अभिप्रायाची वही असेल तर तिच्यात मराठीत लिहा, आणि तिचं नाव माटोआका असं लिहा.

मुलांना पिसं लावू नका. ती माणसं संपलेली नाहीत. पामंकी आणि मॅटापोनाय जमाती आजही व्हर्जिनियात त्यांच्याच नद्यांच्या काठी राहतात. पामंकींना अमेरिकेच्या केंद्र सरकारने राष्ट्र म्हणून मान्यता द्यायला मात्र २०१५ साल उजाडलं.

मी जुलैच्या पहिल्या आणि तिसऱ्या रविवारी दुपारी दोन ते चार चर्चच्या फाटकापाशी असते. ज्यांना ही गोष्ट मुलांना मराठीतून ऐकवायची आहे त्यांनी या. त्या दिवशी आईने जाताना पर्समधून कुंकवाची डबी काढली होती, मग इकडेतिकडे बघून परत ठेवली, आणि बाहेरून आणलेली लव्हेंडरची एक काडी तिथल्या माणसांना विचारून शिल्पाखाली ठेवली. "माटोआका," मी नंतर घरी शोधून तिला फोनवर सांगितलं तेव्हा तिने ते दोनदा म्हणून बघितलं. मग म्हणाली, "पुढच्या वेळी नावाने हाक मारते."

तुमची,
किंग्ज लिनची एक मैत्रीण